मदत हवी आहे: दाढेची सूज, आज रात्रीच निघावं का?

बाबा ६८ वर्षांचे, शुगर आहे. आम्ही पैठणला. गुरुवारपासून उजवी खालची शेवटची दाढ ठणकतेय. लवंग, मिठाच्या गुळण्या, वेदनाशामक गोळी सगळं झालं. काल रात्री ठणका एकदम थांबला म्हणून आम्ही सगळे खूश, आणि आज सकाळी गाल सुजलेला.

दुपारपर्यंत सूज जबड्याच्या कडेखाली उतरलीय, हाताला कडक लागते. ताप १०१. तोंड जेमतेम दीड बोट उघडतं, भाकरी दुधात कुस्करून दिली. पाणी गिळता येतंय, आवाजही नेहमीचाच. लाळ गिळता येईना, जीभ वर उचलल्यासारखी वाटली किंवा धाप लागली तर एक मिनिटही थांबायचं नाही, हे माहीत आहे. पण तिथवर वाट बघायची का?

इथल्या डॉक्टरांनी फोनवर "सोमवारी या" सांगितलं. सूज बघितलीच नाही, शुगरचंही विचारलं नाही. शेजारच्या काकू गरम शेक द्या म्हणतात, तो मी दिलेला नाही. घरात अँटिबायोटिकच्या चार जुन्या गोळ्या आहेत, त्याही दिल्या नाहीत.

माझं मन म्हणतं, आत्ताच संभाजीनगरला निघावं. पन्नासेक किलोमीटर आहे. बाबांचं पालुपद एकच, "दाताला कुणी रात्री दवाखान्यात जातं का!"

रविवारी रात्री घाटीच्या (तिथल्या सरकारी रुग्णालयाच्या) अपघात विभागात गेलो तर दंत महाविद्यालयाचे सर्जन बोलावतात का? कुणाला अनुभव असेल तर लगेच सांगा, गाडी सांगून ठेवलीय.