प्रॉडक्ट तयार आहे पण बाजारात उतरवायला मन धजत नाही, धंदा करणाऱ्यांनी सल्ला द्या

कोपरी_कोडर

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात कोपरीला राहतो, आयटीतली नोकरी सोडून स्वतःचं सॉफ्टवेअर बनवतोय, हाउसिंग सोसायट्यांच्या हिशोबासाठी. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, थकबाकी, सिंकिंग फंड (बिल्डिंगच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेला पैसा), ऑडिटला लागणारे रिपोर्ट असं सगळं. आपल्याकडे वीस-पंचवीस फ्लॅटच्या जुन्या सोसायट्या ढिगाने आहेत आणि बऱ्याच ठिकाणी अजून एक्सेल नाहीतर वहीच चालते, सेक्रेटरी बिचारा ऑफिसातून आल्यावर रात्री बसून बिलं काढतो.

प्रॉब्लेम असा की मुख्य भाग केव्हाचाच चालतोय. बिल निघतं, पावती निघते. पण कुणाला दाखवायची वेळ आली की काहीतरी कमी दिसतंच. आधी मराठी बिलाचा फॉन्ट, जोडाक्षरं प्रिंटमध्ये तुटत होती ते नीट केलं, मग जीएसटीचं मॉड्यूल काढलं, मग भाडेकरू ठेवलेल्या फ्लॅटचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, मग पार्किंग, आता डॅशबोर्डच्या रंगांवर बसलोय. एप्रिलला नवीन आर्थिक वर्ष सुरू होतं तेव्हा सोसायट्या सिस्टीम बदलायला तयार असतात म्हणून मागच्या एप्रिलचं ठरवलं होतं, तो गेला, आणि आता मनात येतंय की पुढच्या एप्रिललाच करू म्हणजे सगळं व्यवस्थित होईल. सध्या घर बायकोच्या पगारावर चाललंय, ती काही बोलत नाही पण मला ते लागतं.

आळस नाहीये हे नक्की, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसतो. आणि भीतीपण खोटी नाहीये ना, हिशोबाचं काम आहे, थकबाकीवरचं व्याज चुकलं तर जनरल बॉडीत लोक सेक्रेटरीला फाडून खातील आणि ती बातमी आजूबाजूच्या सगळ्या सोसायट्यांत जाईल. मग क्वालिटीचा आग्रह कुठे संपतो आणि चालढकल कुठे सुरू होते हे तुम्ही कसं ओळखता? "बिनधास्त सुरू कर" एवढंच सांगू नका प्लीज, ते मी स्वतःला रोज सांगतो.

रबाळे_जॉबवर्क

भाऊ, माझं रबाळे एमआयडीसीत मशिनिंगचं छोटं युनिट आहे. आमच्याकडे पार्टीकडून ड्रॉइंग येतं त्यावर मापांचे टॉलरन्स, म्हणजे माप किती इकडेतिकडे झालं तर चालेल, ते दिलेले असतात. बेअरिंग बसणार त्या बोअरला, म्हणजे भोकाला, मायक्रॉनमध्ये, आणि त्याच पार्टच्या बाहेरच्या कडेला अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. ऑपरेटर बाहेरची कडपण मायक्रॉनमध्ये काढत बसला तर पीस मशीनवरून उतरणारच नाही आणि पार्टी त्याचा एक रुपया जास्त देणार नाही. तुमच्या ड्रॉइंगवर टॉलरन्सच लिहिलेला नाही, व्याजाचं गणित आणि डॅशबोर्डचा रंग दोन्ही एकाच मापाने मोजताय.

एक कागद घ्या. जिथे चुकलं की कुणाचे तरी पैसे चुकतात ते एका बाजूला: व्याज, ओपनिंग बॅलन्स (मागून पुढे आणलेली बाकी), पावती नंबरचा क्रम, कुठल्या फ्लॅटचे पैसे कुठल्या फ्लॅटच्या खात्यात पडले. तिथे शून्य माफी. बाकी सगळं दुसऱ्या बाजूला, आणि तिथे "वाचता येतंय, चालतंय" एवढं झालं की हात काढायचा. पण हे कागदावरच पाहिजे, डोक्यात ठेवलं तर रात्री बारानंतर रंगपण महत्त्वाचा वाटायला लागतो.

दुसरं म्हणजे आमच्याकडे डिलिव्हरी डेट असते. उशीर झाला की परचेसवाल्याचा फोन येतो, आवाज चढतो, मग माल निघतो. नोकरीत तुम्हालाही रिलीजची तारीख वरून यायची. आता तुम्हाला फोन करणारं कुणीच नाही. स्वतःच्या धंद्यात पॉलिश करत बसायला मोकळं रान मिळतं ते इथे, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं माणूस किती मेहनत करतोय.

नेरूळची_समुपदेशक

वरचं टॉलरन्सचं पटलं. मी समुपदेशनात काम करते, धंदा चालवणारे लोक पण येतात म्हणून लिहिते.

"परफेक्शनिझममुळे माणूस टाळाटाळ करतो" हे आपण सरसकट बोलतो पण संशोधनातून जरा वेगळं दिसलंय. पियर्स स्टील यांनी 2007 मध्ये टाळाटाळीवरचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा परफेक्शनिझमशी संबंध फारच कच्चा निघाला, कामाचा कंटाळा आणि उतावळा स्वभाव यांचा जास्त. मग फुशिया सिरॉय आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये परफेक्शनिझमचे दोन भाग वेगळे करून बघितले. एक म्हणजे स्वतःसाठी उंच माप ठेवणं, आणि दुसरा म्हणजे चुकण्याची धास्ती, लोक काय म्हणतील, मी कमी पडलो तर काय. पहिला भाग जास्त असलेले लोक उलट कमी टाळाटाळ करतात, दुसरा जास्त असलेले जास्त करतात. संबंध प्रचंड मोठा नाही पण दिशा स्पष्ट आहे. म्हणजे दोन्ही एकत्र मोजले की एकमेकांना खाऊन टाकतात. हे अभ्यास बरेचसे कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरचे आहेत, उद्योजकांना जसेच्या तसे लावू नका, पण माझ्याकडे बसणाऱ्या माणसांत मला हेच दिसतं.

त्यामुळे तुमचा क्वालिटीचा आग्रह कमी करायची मला तरी गरज वाटत नाही. फक्त प्रत्येक नवीन फीचर हातात घेताना विचारा, हे कुणी मागितलंय, की हे होईपर्यंत मला कुणाला दाखवावं लागणार नाही म्हणून घेतोय? तुम्हीच लिहिलंय बघा, "कुणाला दाखवायची वेळ आली की काहीतरी कमी दिसतंच". कमी दाखवायच्या वेळेसच दिसतंय, एरवी नाही. सिरॉय आणि टिमथी पिचेल यांनी 2013 मध्ये मांडलंय की टाळाटाळ हा वेळेच्या नियोजनापेक्षा मूड सावरण्याचा प्रकार आहे. दाखवायचं पुढे ढकललं की त्या संध्याकाळी छातीवरचं ओझं उतरतं, आणि ते उतरतं म्हणूनच पुढच्या वेळी परत ढकललं जातं. तुमच्या बाबतीत वर खरं कामही होतं, कोड लिहिला जातो, म्हणून ते टाळणं ओळखूच येत नाही.

नोकरीतल्या माणसाचं प्रोजेक्ट फसलं तर प्रोजेक्ट फसतं. स्वतःचा धंदा असला की प्रॉडक्टला कुणी नावं ठेवली तर आपल्यालाच ठेवली असं वाटतं, त्यात घरचा पैसा अडकलेला. ही भीती मला अजिबात लहान वाटत नाही. पण मागच्या एप्रिलवरून स्वतःला कोसत बसू नका. मायकेल वोल आणि सहकाऱ्यांचा 2010 चा एक अभ्यास आहे, पहिल्या परीक्षेच्या वेळी टाळाटाळ केली म्हणून ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी कमी टाळाटाळ केली. जितकं जास्त कोसाल तितकं ते काम उघडून बघणंच नकोसं होतं.

वाशी_मसालेवाली

माझा घरगुती मसाल्याचा व्यवसाय आहे, तुर्भ्याच्या मसाला मार्केटमधून ब्याडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरची घ्यायची, उन्हं देऊन कांडपाला टाकायची. आमचा सीझन मार्च ते मे, त्यानंतर पाऊस, मिरची वाळत नाही आणि लोकांनी वर्षाचा मसाला भरून ठेवलेला असतो. सीझन गेला की वर्ष गेलं. माझी एक मैत्रीण आहे, हाताला काय चव आहे तिच्या, पण पाउचवरचा लोगो मनासारखा होत नाही म्हणून थांबली, डिझायनर बदलले, आणि मे संपला. मला अजून वाईट वाटतं कारण तिचा मसाला माझ्यापेक्षा चांगला होता.

पण मी "कसंही करून काढा" म्हणणाऱ्यातली पण नाही हं. खाण्याच्या मालाला एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा नंबर, घटक, बॅच नंबर, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, वजन, एमआरपी, हिरवा ठिपका हे लेबलवर पाहिजेच, त्यात मला कुणी घाई कर म्हटलं तर मी ऐकणार नाही. ते सगळं साध्या स्टिकरवर छापून साध्या स्टँडी पाउचला लावलं तरी माल विकला जातो. स्टिकर थोडेच छापायचे, कारण गिऱ्हाईक काहीतरी सांगतंच, मला पहिल्याच लॉटला बायकांनी सांगितलं की तिखट किती आहे ते पुढच्या बाजूला लिहा. मला वाटत होतं लोक रंग बघतील.

दादा, तुमचा एप्रिल म्हणजे आमचा मे आहे. फक्त तुमच्याकडे पाऊस नाहीये, तुम्ही मधेही सुरू करू शकता की.

घोडबंदर_सेक्रेटरी

अरे मी तुझं गिऱ्हाईक आहे, मला कुणी विचारत नाही! मानपाड्याजवळ आमची जुनी बिल्डिंग आहे, सेक्रेटरीपद गळ्यात पडलंय कारण दुसरं कुणी घेत नाही.

पहिलं जीएसटीचं बोलतो. मेंटेनन्स सभासदामागे महिना साडेसात हजारांच्या वर आणि सोसायटीची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर, दोन्ही असेल तरच तो प्रश्न येतो. तू म्हणतोस त्या वीस-पंचवीस फ्लॅटच्या जुन्या बिल्डिंगला त्याचा काय उपयोग? ते मॉड्यूल तू टॉवरवाल्यांसाठी बनवलंस, आणि टॉवरवाले तुझ्याकडे येणार नाहीत, त्यांच्याकडे मॅनेजर असतो.

आता व्याज. आमच्या उपविधीप्रमाणे (सोसायटीच्या नियमांप्रमाणे) थकबाकीवर जास्तीत जास्त 21 टक्के सरळव्याज लावता येतं. आम्ही 21 लावतो, शेजारच्या सोसायटीत जनरल बॉडीने 18 ठरवलंय. आणि खरी भांडणं दरावरून होतच नाहीत. कुणी थकबाकीतले अर्धेच पैसे भरले की ते आधी व्याजात वळते करायचे की मुद्दलात, यावरून होतात. आमच्याकडे एक सभासद दर वर्षी हाच विषय घेऊन उभे राहतात. हे तुला घरी बसून, रात्री दोन वाजता कसं कळणार सांग? तू कितीही परफेक्ट बनवलंस तरी तुझ्या अंदाजाने परफेक्ट असेल.

मला काय लागतं ते सांगतो: बिल, पावती व्हॉट्सअपवर जायला पाहिजे, थकबाकीदारांची यादी एका पानावर, आणि 30 सप्टेंबरच्या आत एजीएम (वार्षिक सभा) घ्यायची असते त्याआधी ऑडिटरला द्यायला खतावणी. डॅशबोर्ड मी उघडणारसुद्धा नाही.

आणि चुकायची भीती आहे तर समांतर चालव ना. एक क्वार्टर माझं एक्सेल आणि तुझं सॉफ्टवेअर दोन्ही चालतील, सभासदांना बिल एक्सेलचंच जाईल, आपण फ्लॅटवार आकडे जुळवून बघू. तुझं चुकलं तर मला आणि तुलाच कळेल, बाहेर जात नाही. त्यासाठी एप्रिलची वाट बघायची गरज नाही, कुठल्याही क्वार्टरला सुरू होतं.

कोपरी_कोडर

काका, अर्धे पैसे भरल्यावर काय करायचं हे माझ्याकडे फिक्स आहे, आधी व्याज आणि मग मुद्दल, बदलायची सोयच ठेवलेली नाही. इतके दिवस ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

रबाळेवाल्या दादांचा कागद आत्ता केला. शून्य माफीच्या बाजूला थोड्याच गोष्टी आल्या आणि त्यातलं ओपनिंग बॅलन्सचं चेकिंग मी अजून धड केलेलंच नाहीये, रंगांवर बसलोय. ताई, तुमचा प्रश्न पार्किंगला लावून बघितला, कुणीच मागितलं नव्हतं. पार्किंग आणि डॅशबोर्ड दोन्ही बंद करून ठेवतो.

काका, समांतर चालवायला तुमच्याकडे खरंच चालेल का? पैसे नकोत, फक्त मागच्या वर्षीचं एक्सेल लागेल.

घोडबंदर_सेक्रेटरी

पैसे नकोत असं म्हणू नकोस, क्वार्टरभर आकडे जुळले तर कमिटीत ठराव करून रीतसर देऊ. रविवारी अकरा वाजता कमिटीची मीटिंग आहे, तेव्हा ये, पत्ता मेसेजमध्ये टाकतो. पीपीटी नको, लॅपटॉपच आण. सभासदांची नावं काढून फक्त फ्लॅट नंबर ठेवून एक्सेल देतो. त्यात तीन फ्लॅटचे अर्धवट भरणा आहेत, तिथूनच सुरुवात कर.