कन्सोल सोडून मोबाइलवरच्या गेममध्ये का रमलात? (अनुभव धागा)

परवा कपाट आवरताना कन्सोलचा, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राचा, कंट्रोलर हाताला लागला. पार उतरलेला. चार्जिंगला लावला, कन्सोल सुरू केला, तर आधी सिस्टिमचं अपडेट, मग गेमचं अपडेट. पट्टी सरकताना बघत बसले आणि झोपायची वेळ झाली. अर्धवट सोडलेल्या त्या गेममध्ये मी कुठवर आले होते, हे आता आठवतही नाही. एके काळी याच कन्सोलवर मी रात्री जागवल्या आहेत.

त्याच दिवशी फोनवर मात्र बहिणीशी डाव झाला होता. वर्ड्स विथ फ्रेंड्स, २००९ मध्ये आलेला साधा शब्दांचा खेळ. सात अक्षरं हातात, आळीपाळीनं शब्द लावायचे, सातही एकदम लागली तर ३५ गुण जास्तीचे. गेल्या वर्षी आमच्या दोघींचं घरच्या एका गोष्टीवरून बिनसलं. दोन महिने फोन नाही, मेसेज नाही. डाव मात्र एकीनंही सोडला नाही. रोज रात्री तिची चाल यायची. एकदा दोन दिवस आली नाही, तेव्हा मी न राहवून फोन केला. तिला ताप होता. तिथून बोलणं पुन्हा सुरू झालं.

चित्र, आवाज, गोष्ट यांत मोबाइल कन्सोलच्या जवळपास येत नाही, हे मला मान्य आहे. तरी हात फोनकडेच जातो, कारण पलीकडे माझ्या ओळखीचं माणूस असतं आणि ते माझ्या चालीची वाट बघत असतं. तुमचं काय झालं? भारी कुठला हा वाद इथे नको. तुमच्या बाबतीत काय घडलं ते सविस्तर लिहा.

*

ताई, अगदी अगदी. मी रुग्णालयात परिचारिका आहे, महिन्यातले निम्मे दिवस रात्रपाळी. कन्सोलवरच्या मैत्रिणी रात्री नऊला जमायच्या आणि नऊला मी कामावर निघायचे. वर्षभर 'आज तरी येशील का' विचारलं, मग विचारणं बंद झालं. त्यांची चूक नाही. चौघींनी एकाच वेळी टीव्हीसमोर बसायचं, तर माझ्यासारखीचं जमणार कसं?

क्लॅश ऑफ क्लॅन्स या मोबाइल गेममध्ये क्लॅनला, म्हणजे खेळाडूंच्या संघाला, ५० जणांची जागा असते. दुसऱ्या क्लॅनशी वॉर लागलं की २३ तास तयारीचे, मग २४ तास लढाईचे. प्रत्येकाला दोन अटॅक, एक अटॅक जास्तीत जास्त तीन मिनिटांचा. या चोवीस तासांत तुम्ही कधीही या. माझी वेळ पहाटे साडेतीनची, वॉर्ड शांत झाला की. दिवसा खेळणारे समोरच्या बेसवर, म्हणजे शत्रूच्या गावावर, खुणा करून ठेवतात, 'हा तुझ्यासाठी राखलाय' म्हणून. मी येईपर्यंत माझा क्लॅन कॅसल, म्हणजे क्लॅनमधल्यांनी दिलेलं सैन्य ठेवायचा किल्ला, कोणीतरी भरून ठेवलेला असतो. कोण देतं ते नावानिशी दिसतं.

एका रात्री आमच्या वॉर्डातले एक आजोबा गेले. बरेच दिवस मीच त्यांचं करत होते. साडेतीनला फोन काढला आणि चॅटवर एवढंच लिहिलं, 'आज अटॅक जमणार नाही, माफ करा.' वॉर बरोबरीत चाललं होतं, माझ्या दोन अटॅकवर निकाल होता. आमच्या लीडरना मी कधी पाहिलेलं नाही, वयानं मोठे आहेत एवढंच ठाऊक. त्यांचं उत्तर आलं, 'वॉर पुन्हा लागेल. पाणी पी आणि पाच मिनिटं बस.' ते वॉर आम्ही हरलो. मला कोणी एका शब्दानं बोललं नाही. इतकी वर्षं कन्सोल खेळले, पण पहाटे साडेतीनला माझ्याशी बोलणारं तिथे कोणी भेटलं नव्हतं.

*

माझं कारण रुक्ष आहे, पण खरं आहे. २०१३ ला पीएस४ हा कन्सोल आला तेव्हापासून त्यावर विकत घेतलेला बहुतेक कुठलाही गेम ऑनलाइन खेळायचा तर वर्गणी वेगळी. एक्सबॉक्स या दुसऱ्या कन्सोलवर ती पद्धत आधीपासून होती, स्विच या तिसऱ्यावर सप्टेंबर २०१८ मध्ये आली. गेमचे पैसे भरायचे आणि मित्राबरोबर खेळायचे पुन्हा भरायचे. शिवाय आम्हा चौघांत दोघांकडे एक कन्सोल, दोघांकडे दुसरा, आणि आमचा आवडता गेम एकमेकांशी जोडलाच जात नव्हता. फोन चौघांकडे होते. विषय तिथेच मिटला.

*

मुलगी झाल्यापासून माझा डावा हात तिचा आहे. ती खांद्यावरच झोपते, खाली ठेवली की जागी होते. कंट्रोलरला दोन हात लागतात. उरला उजवा अंगठा, त्यावर बुद्धिबळ चालतं.

वसतिगृहातल्या खोलीमित्राशी डेली डाव लावलाय, एका चालीला तीन दिवसांची मुदत. पूर्वी आम्ही शेजारी बसून फुटबॉलचा गेम खेळायचो, आरडाओरडा करून. आता दिवसाला एखादी चाल. बाळ पाठीवर थोपटून घेत असतं आणि मी अंधारात, फोनचा उजेड अगदी कमी करून, त्याच्या घोड्याचं काय करायचं ते बघत असतो. घाई कशाची नाही. चालीसोबत तो एखादी ओळ लिहितो, 'झोपली का?' एवढीच. कधीकधी डावापेक्षा त्या ओळीसाठीच ॲप उघडलं जातं.

*

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आणि बाबा काही केल्या उंबऱ्याबाहेर पडेनात. 'कुठे जायचं आणि कशाला?' हा त्यांचा प्रश्न. माझ्या लेकीनं त्यांच्या फोनवर पोकेमॉन गो टाकून दिला, बाहेर फिरून पोकेमॉन नावाचे प्राणी पकडायचा गेम.

घरात कन्सोल होताच. बाबांनी दोनदा प्रयत्न केला होता, पण एवढी बटणं, त्यात कॅमेरा एका काडीनं फिरवायचा आणि माणूस दुसऱ्या काडीनं. त्यांनी कंट्रोलर नातीच्या हातात अलगद परत दिला होता. मला ते आजही आठवतं, हरल्यासारखा चेहरा होता.

इथे चालायचं आणि बोटानं चेंडू फेकायचा, बस. गेममध्ये पोकेमॉनची अंडी मिळतात, आणि अंडं फोडायला त्यावर लिहिलेले किलोमीटर चालावे लागतात. पहिलं दोन किलोमीटरचं अंडं फोडायला त्यांना पाच दिवस लागले. रोज आल्यावर सांगायचे, 'चारशे मीटर झाले.' फिजिओथेरपिस्टला त्यांनी आयुष्यात इतकं नेमकं उत्तर दिलं नव्हतं. नातीशी दोस्ती जोडली आहे. एकमेकांना भेटी पाठवायच्या, ज्या दिवशी देवघेव झाली तो दिवस मोजला जातो, आणि नव्वद दिवस भरले की 'बेस्ट फ्रेंड्स'ची पातळी. नव्वदावा दिवस दोघांनी कॅलेंडरवर लाल पेननं लिहून ठेवला होता. आता बाबा काठी न घेता जातात. वाटेत तोच गेम खेळणारी कॉलेजची मुलं त्यांना रेडसाठी, म्हणजे अनेकांनी मिळून एका मोठ्या पोकेमॉनशी लढण्यासाठी, हाक मारतात, 'काका, या, एक जण कमी पडतोय.'

*

मी उलट्या बाजूनं लिहितो. धागा एकतर्फी होऊ नये म्हणून नाही, खरंच भोगलंय म्हणून.

दोन वर्षं एका मोबाइल गेमच्या संघात होतो, नाव लिहीत नाही. सुरुवातीला वरच्या सगळ्यांसारखंच छान वाटलं. मग स्पर्धा वाढली. रात्री दोनला मेसेज, 'उठ, आपला तळ पडतोय.' जो पैसे घालून सैन्य वाढवणार नाही तो संघावर ओझं. मी घातले. किती घातले ते बायकोला सांगायला मला चार महिने लागले. सोडताना पैशांपेक्षा त्या तीस जणांचं वाईट वाटत होतं, आणि या गेमची ताकद नेमकी तिथेच आहे. खेळाचा कंटाळा आला तरी माणसं सुटत नाहीत.

आता पुन्हा कन्सोलवर आहे. गेम सुरू होतो, संपतो, नावं वर सरकत जातात आणि मी टीव्ही बंद करतो. शनिवारी भाचा येतो, एकाच सोफ्यावर बसून स्प्लिट स्क्रीनवर गाड्या पळवतो. दुःख एवढंच की कन्सोलवाल्यांनीच ही गंमत कमी करत आणली. हेलो ५ हा नेमबाजीचा गेम, २०१५ चा, त्यात एका टीव्हीवर दोघांनी खेळायची सोयच नव्हती. हेलो म्हणजे जो आम्ही चौघं एका पडद्याचे चार तुकडे करून खेळायचो! शेजारी बसलेल्या माणसाला खेळातून उठवलंत, मग तो फोन काढणारच.

*

दादा, मनापासून लिहिलंत. चार महिन्यांनी का होईना सांगितलंत, हे मोठं आहे. पहाटे साडेतीनच्या क्लॅनवाल्या ताईंचा आणि तुमचा अनुभव शेजारी-शेजारी ठेवून मी परत वाचला. गेमची जात एकच, लीडर वेगळा. संघात शिरताना माणसं पारखून घ्यावीत, हे यातून मी उचललं.

*

सगळ्यांच्या कुटुंबाच्या गोष्टी आल्या, माझी एका ओळीत: २०२० च्या बंद दारांच्या दिवसांत आम्ही दहा भावंडं दहा घरांतून फोनवर अमंग अस हा गेम खेळलो, आणि त्यासाठी कोणालाही नवीन काही विकत घ्यावं लागलं नाही.

*

मी जन्मापासून ऐकू शकत नाही. उशिरा लिहितोय, कारण सगळं वाचून काढलं.

कन्सोलवर मी चांगला नेमबाज होतो. पण चौघांच्या स्क्वॉडमध्ये सगळं बोलून चालतं. 'मागे बघ', 'डावीकडून आले', हे मला कळायच्या आत मी मेलेला असायचो. हेडसेट नाही म्हणून अनोळखी लोक संघातून काढून टाकायचे. 'मला ऐकू येत नाही' असं टाइप करेपर्यंत सामना सुरू झालेला असायचा.

स्काय : चिल्ड्रन ऑफ द लाइट हा गेम जुलै २०१९ मध्ये आधी आयफोनवर आला. गंमत म्हणजे तो करणारी मंडळी मूळची कन्सोलवरचीच, २०१२ चा जर्नी हा गेम त्यांचाच. स्कायमध्ये अनोळखी माणूस आधी नुसती राखाडी आकृती दिसतो. तुम्ही मेणबत्ती पुढे करायची, त्यानं आपली पुढे करायची, ज्योत लागली की त्याचे कपडे, केस, रंग दिसायला लागतात. तोवर कोणीच बोलत नाही. खुणा करायच्या: वाकून नमस्कार, हात हलवणं, बसून घेणं. मैत्री झाली की हात धरता येतो आणि पुढचा माणूस दोघांना घेऊन उडतो.

मला पहिल्यांदा एकानं असा हात धरून ढगांच्या वर नेलं, तेव्हा मी फोन खाली ठेवून बायकोला खुणेनं बोलावलं. तिला काय दाखवायचं ते सांगता येईना. दोन ठिपक्यांएवढी माणसं उडत होती, एवढंच दिसत होतं. पण त्या जागी मी बहिरा नव्हतो. तिथे सगळेच माझ्या भाषेत बोलत होते.

एका बाकावर दोघं बसले की टाइप करून बोलता येतं. त्या माणसाला मी तिथे सांगितलं की मला ऐकू येत नाही. त्यानं लिहिलं, 'मला कळलंच नाही.'

*

दादा, मला हा गेम शिकायचाय. बहिणीलाही ओढते. पहिल्या दिवशी तुम्हाला तिथे कसं शोधायचं?

*

शोधू नका, सापडणार नाही. गेम टाकून पहिला भाग पार करा, तासभर लागेल. मग मी मैत्रीचा क्यूआर कोड पाठवतो, तो गेममधून स्कॅन करा. मी रात्री दहानंतर असतो. दिसलो की हात हलवा.