लॅपटॉपच्या ड्राइव्हने डिस्क वाचणे सोडले तेव्हा तुम्ही काय केले?

परवा माळा आवरताना आईच्या भजनी मंडळाच्या दोन डीव्हीडी हाती लागल्या, म्हणून जुना लॅपटॉप चालू केला. डिस्क आत गेली, दोनदा घरघरली, टकटक असा आवाज आला आणि पडद्यावर ‘ड्राइव्हमध्ये डिस्क घाला’ अशी सूचना आली. गंमत म्हणजे गाण्यांच्या सीडी अजूनही व्यवस्थित वाजतात. असा अनुभव कोणाला आला असल्यास कृपया लिहावे.

जुनी तबकडी
ताई, यात गंमत काहीच नाही. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा लेसर लागतो आणि डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा, त्यामुळे एक थकला तरी दुसरा चालू राहू शकतो. माझ्या ड्राइव्हचे उलट झाले होते, डीव्हीडी चालत आणि सीडी मात्र तो थुंकून टाकी. तरीही लेसर गेला असे ठरवण्याआधी भिंग पुसून पाहा.

कोकणकडा
भिंग पुसण्यावरून आठवले. आमच्याकडे श्रावण संपेपर्यंत कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे भिंगाची काय कथा! लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये भिंग ट्रेबरोबरच बाहेर येते, त्यामुळे काही उघडावे लागत नाही. लॅपटॉप बंद करून, ट्रेजवळच्या बारीक छिद्रात सरळ केलेली कागदाची पिन घातली की ट्रे सुटतो. कानकोरण्याच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा जेमतेम ओलावा देऊन मी ते मण्याएवढे भिंग अलगद पुसले. त्याआधी घाईत अत्तर वापरले होते. त्याच्या तेलाचा पापुद्रा बसला आणि होते तेही दिसेनासे झाले.

रात्रपाळी
माझ्या बाबतीत ड्राइव्ह निर्दोष होता. सीडी लिहिण्याचे एक सॉफ्टवेअर काढून टाकल्यानंतर ‘माय कॉम्प्युटर’मधून ड्राइव्हच नाहीसा झाला आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण व कोड ३९ दिसू लागला. दुरुस्तीवाल्याने नवा ड्राइव्ह बसवायला सांगितले होते. प्रत्यक्षात रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवते तिथे, ‘अपरफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या दोन नोंदी मागे राहिल्या होत्या. आधी रजिस्ट्रीची प्रत ठेवून त्या पुसल्या आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला, एवढ्यावर काम झाले.

दोन पोरांची आई
आमच्याकडे डिस्क मधल्या चकतीवर ‘कट्’ आवाज येईपर्यंत दाबलीच जात नव्हती. लेक नुसती ठेवून ट्रे ढकलायची. याहून अधिक लिहायला आत्ता वेळ नाही, कुकरची तिसरी शिट्टी झाली.

कोकणकडा
हेच कारण असले तर मी अत्तर उगाच वाया घालवले!

जुनी तबकडी
शिवाय विंडोज ८ पासून डीव्हीडी चित्रपट लावण्याची सोय सर्वांना आयती मिळत नाही. त्यामुळे फायली दिसत असून चित्र येत नसेल तर ड्राइव्हला दोष देऊ नये, व्हीएलसी हा फुकट मिळणारा व्हिडिओ प्लेअर टाकावा.

धागाकर्ती
सर्वांचे आभार. काल भिंग पुसले आणि पहिली डीव्हीडी लागली. मध्येच एका अभंगापाशी अडखळते, पण फायली लगेच हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या. दुसरी मात्र ढिम्म आहे आणि गरगरताना सगळा लॅपटॉप थरथरतो. तिच्यावर मंडळाने कागदी स्टिकर चिकटवला आहे, तो सोलून काढू का?

जुनी तबकडी
मुळीच नको! वाकड्या बसलेल्या स्टिकरने डिस्कचा तोल जातो हे खरे, पण मी एका सीडीवरचा असाच ओढला, तर त्याबरोबर चंदेरी थरच निघून आला, कारण सीडीत तो थर छापील बाजूला लाखेच्या पातळ लेपाखालीच असतो. डीव्हीडीत तो मधोमध असतो, तरी सोलताना डिस्क वाकण्याचा धोका आहेच. आधी कोणाकडून तरी यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह मागून पाहा.

रात्रपाळी
माझ्याकडे एक पडून आहे. ठाण्यात असाल तर निरोप टाका.