पूर्ण फोर्क बदलण्याआधी पाईप बघा
बाईकच्या पुढच्या फोर्कचं (पुढचं चाक धरणारे, आत स्प्रिंग आणि ऑईल असलेले दोन पाय) ऑईल सील, म्हणजे ऑईल अडवणारी रबरी कडी, दोनदा बदललं तरी गळतंय म्हणून अख्खा फोर्कच बदलायचा म्हणताय, पण आधी फोर्कचे पाईप पुसून त्यावरून नख फिरवून बघा, गंजाचा बारीकसा खड्डा जरी नखाला अडकला तरी तो सीलची कड कापत राहतो आणि मग कितीही सीलं घाला, गळणारच. तसं असेल तर पाईपच नवे टाका. दुसऱ्या मॉडेलचा फोर्क बसवणार असाल तर पाईपची जाडी (बाहेरचा व्यास), लांबी, एक्सल (चाकाचा दांडा), कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) सगळं मोजूनच घ्या. आणि हो, पाईपच्या वरची कॅप फोर्क गाडीवर असतानाच थोडी सैल करायची, नंतर हातात धरून अजिबात सुटत नाही, आणि पूर्ण काढताना तोंड बाजूला ठेवा, स्प्रिंग जोरात उसळते. ऑईल फोर्कच्या दोन्ही पायांत एकाच लेव्हलला हवं.