मदत हवी आहे: आईची हाडं ठिसूळ झालीत, कोणती आसनं चालतील?

नमस्कार मंडळी. आई ७१ वर्षांची. डेक्सा तपासणीत (हाडांची घनता मोजतात ती) कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेतला आकडा, उणे २.९ आला, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसच (उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की तसं म्हणतात). औषधं सुरू झालीत. डॉक्टर म्हणाले, व्यायाम जरूर करा, पण कमरेतून पुढे वाकू नका. मणक्याच्या पुढच्या भागावर दाब येऊन तो चेपू शकतो.

इथेच घोडं अडलंय. आई वीस वर्षं रोज योगासनं करते आणि तिची लाडकी आसनं नेमकी पुढे वाकण्याची, पश्चिमोत्तानासन आणि हलासन! "इतकी वर्षं काही झालं का?" हे पालुपद. ताडासन, भिंतीला धरून वृक्षासन, खुर्चीच्या आधाराने वीरभद्रासन एवढं मी सुचवलंय. तोल सुधारला तर पडण्याची भीती कमी, आणि खरा धोका पडण्याचाच ना. हलकं भुजंगासन पाठीला चांगलं म्हणतात, पण जोराचा पीळ नको. मग बसून पाठ पिळायचं अर्धमत्स्येंद्रासन पूर्ण बंद, की थोडं चालेल? सूर्यनमस्कारात तर दोनदा हस्तपादासन (उभ्याने पुढे वाकून हात पायांशी टेकवणं) येतं, त्याला पर्याय काय?

कुणाच्या घरी असा अनुभव आहे का? आधी फिजिओथेरपिस्टकडे जावं की योगशिक्षकाकडे? आणि हो, अशा हट्टी विद्यार्थिनीला पटवायचं कसं, तेही सांगा.