वय 33, बारावी कॉमर्स, आता जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करावं का?

कृष्णाकाठ
नमस्कार, मी सांगलीकडची, बीकॉम, नऊ वर्षं एका पतसंस्थेत अकाउंटला आहे. मुलगा तिसरीत. मागच्या वर्षी सासूबाईंना लकवा झाला, 19 दिवस दवाखान्यात त्यांच्याजवळ होते, तिथल्या सिस्टर मला कुशीवर कसं वळवायचं, नळीतून कसं भरवायचं हे हात धरून शिकवायच्या, मग घरी आठ महिने मीच केलं आणि एकदाही पाठीला जखम होऊ दिली नाही. तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये, मला हेच काम करायचंय. मिस्टर म्हणतात कर पण नीट चौकशी करून कर, आई म्हणते अठरा वर्षांच्या पोरींबरोबर बाकावर बसणार का आता. सायन्स नाही तर चालतं का? नोकरी सांभाळून होतं का? एकजण म्हणाला घरबसल्या एका वर्षात सर्टिफिकेट मिळतं, खरं आहे का?

रातपाळी
ताई, त्या एक वर्षवाल्याला एक रुपयासुद्धा देऊ नका. जीएनएम तीन वर्षांचं आणि फुल टाइम, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप, पोस्टाने किंवा ऑनलाइन होतच नाही. महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलचं रजिस्ट्रेशन झालं तरच तुम्ही नर्स, आणि असल्या कागदावर ते मिळत नाही. म्हणजे पतसंस्था सोडावी लागेल, हे घरात आधी बोलून घ्या.
कॉमर्सची काळजी नको. जीएनएमला बारावी कुठल्याही शाखेची चालते, इंग्रजी विषय आणि 40 टक्के पाहिजेत. फिजिक्स केमिस्ट्री बायो लागतं ते बीएस्सी नर्सिंगला.
खरी अडचण वय. इंडियन नर्सिंग काउन्सिलच्या नियमात जीएनएम प्रवेशाला कमाल 35 आहे. शिवाय पुढचा हिशोब बघा, आता ॲडमिशन घेतलंत तर पास होईपर्यंत 36-37, आणि राज्य सरकारच्या भरतीत खुल्या प्रवर्गाला 38 पर्यंत, मागासवर्गीयांना 43. खुल्यातून असाल तर एखाददुसरी जाहिरात हाताला लागेल. म्हणून करायचं तर यंदाच करा, मुलगा थोडा मोठा होऊ दे म्हणून थांबलात तर दार बंद होईल.

वैनगंगा
मी 31 व्या वर्षी ॲडमिशन घेतलं होतं, दोन मुलं आणि सासरे घरात. पहिलं वर्ष फार जड गेलं, ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, मायक्रोबायोलॉजी सगळं इंग्रजीत आणि माझं बारावी आर्ट्स मराठी मीडियम. रोज पहाटे चारला उठून एक हाड, एक स्नायू असं पाठ करायचे. पण वॉर्डात पोस्टिंग सुरू झालं आणि चित्र पालटलं, म्हातारी माणसं माझ्याशी बोलायची, लहान मुली घाबरून मागे उभ्या राहायच्या आणि मी पुढे जायचे. त्याच पोरी मग मला ताई म्हणून अडचणी सांगायला लागल्या, त्यांच्याबरोबर बसण्यात काही कमीपणा नाही. लेबर रूममध्ये पहिलं बाळ हातात घेतलं तो दिवस अजून आठवतो.
एक मात्र, सासूची सेवा वेगळी आणि एका नाइटला पूर्ण वॉर्ड सांभाळणं वेगळं. तिथे आपलं माणूस कोणी नसतं, तरी तितक्याच मायेने करावं लागतं आणि सकाळी हँडओव्हर देताना एकही औषध चुकलेलं चालत नाही.

वॉर्डातला ब्रदर
कॉलेज निवडताना बिल्डिंग बघू नका. काउन्सिलच्या मान्यता यादीत यंदाचं नाव आहे का, प्रॅक्टिकलला कोणतं हॉस्पिटल, तिथे खरंच पेशंट असतात का, एवढं बघा. शक्य तर स्वतः जाऊन मुलींना विचारा. माझ्या बहिणीने एका ठिकाणी ओरिजिनल कागद जमा केले आणि मधेच सोडायची वेळ आली तेव्हा पूर्ण फी भरल्याशिवाय परत देईनात, चार महिने हेलपाटे घातले. हॉस्टेल सक्तीचं आहे का तेही विचारा, मूल लहान आहे तुमचं. नंतर रजिस्ट्रेशन झालं की दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे नर्सिंगची पदवी, करता येतं, तिथे कॉमर्स आड येत नाही.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. 35 चं माहीतच नव्हतं, मी पुढच्या वर्षी बघू म्हणत होते. रात्री मिस्टरांना सगळं वाचून दाखवलं, ते म्हणाले मुलाची शाळेची सकाळ मी बघतो. बारावीची मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला काढून ठेवलाय. वैनगंगा ताई, पहाटे चारला उठून कुठलं पुस्तक वाचायचात, तेवढं सांगा.