'अस्तर' काम करतं का? (एंडोथेलियमला मराठी शब्द)

पानवेल: धमनीकाठिण्यावरची (अथेरोस्क्लेरोसिस, धमनीच्या भिंतीत चरबी साठण्याचा आजार) रुग्णपत्रिका मराठीत आणतेय. 'धमनीचं अस्तर दुखावलं की चरबी आत शिरते' असं लिहिलं होतं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी 'अस्तर'वर काट मारली. म्हणे, अस्तर कोटाला असतं, नुसतं लावलेलं, एंडोथेलियम राबतं. मग काय लिहू?

उंटावरचा: अंतःस्तर. विषय संपला.

कात्रण: संपला कसा? धमनीच्या भिंतीचे तीन थर. सगळ्यात आतला तो इंटिमा, अंतःस्तर म्हटलं की तोच डोळ्यापुढे येतो. एंडोथेलियम म्हणजे त्याचीही रक्ताला लागून असलेली कड, पेशींची एकेरी ओळ. चरबी साठते ती या ओळीखाली, इंटिमात. दोन्हींना एकच शब्द दिलात तर चरबी नक्की कुठे साठते तेच सांगता येणार नाही.

पानवेल: 'पापुद्रा'?

उंटावरचा: पापुद्रे सुटतात हो.

कात्रण: सुटू देत की! 1980 साली फर्चगॉट आणि झवाडझ्की या संशोधकांनी तेच दाखवलं. सशाच्या महाधमनीची पट्टी ॲसिटिलकोलिन या रसायनाने सैलावते. पापुद्रा घासून काढला की नाही सैलावत. म्हणजे सैल हो असा निरोप पापुद्रा धाडतो. निरोप्या नायट्रिक ऑक्साइड निघाला, 1998चं नोबेल त्याचंच. डॉक्टरांचा राग मला पटतो.

झाडाझडती: मूळ शब्द तरी कुठे धड आहे? ग्रीक 'थेले' म्हणजे स्तनाग्र. 'एपिथेलियम' तिथल्या पातळ त्वचेवरून आला, आणि 1865मध्ये विल्हेल्म हिस यांनी 'एपि'च्या जागी 'एंडो' बसवलं. झालं 'आतलं स्तनाग्र'! एंडोथेलियमच ठेवा.

उंटावरचा: रुग्णाने वाचायचंय ते! शिवाय 'धमनीकाठिण्य'ही ढोबळच. त्याच आजाराचा जुना शब्द 'रोहिणीविलेपी विकार' (रोहिणी म्हणजे धमनी) काय वाईट होता?

झाडाझडती: वाईटच. लेप वरून देतात. नळात गाळ बसावा तशी चरबी बसते, हा गैरसमज तिथूनच.

कात्रण: लेप कुठला काढलात? आयुर्वेदात विलेपी म्हणजे दाट पेज. 'अथेरोस्क्लेरोसिस'मधला ग्रीक 'अथेरे'ही पेजच. चरबीच्या गाठीत तसाच लगदा असतो. शब्द घडवणाऱ्याने हे जाणूनच केलं असणार, मी पैज लावतो.

झाडाझडती: ओढूनताणून.

पानवेल: मला आज पाठवायचंय. 'अस्तराच्या पेशी' लिहिते. पेशी म्हटल्यावर जिवंत आल्याच.

उंटावरचा: ताई, आधी ते 'धमनी' काढा. रोहिणी आणि नीला (म्हणजे शीर), जोडी किती देखणी होती!